मेणवलीचा वाडा आणि आमचा गोठा

गेल्या फेब्रुवारीत आमच्या भागातल्या तीस शेतकऱ्यांची सहल घेऊन मी पाचगणीच्या बाजूला गेलो होतो. सहल होती स्ट्रॉबेरी पाहण्याची. गादीवाफे पाहिले, ठिबक पाहिले, आच्छादनाचा कागद पाहिला, आणि शेतातली फळे खाऊन मंडळींची तोंडे लाल झाली. त्याबद्दल मी पुन्हा केव्हातरी लिहीन. आज लिहायचे आहे ते त्या सहलीत ठरवून न पाहिलेल्या एका गोष्टीबद्दल.

परतीच्या वाटेवर पसरणीचा घाट उतरून वाईत आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. कृष्णेच्या घाटावर पाय धुतले, ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले. अजून दोन तास हाताशी होते. कोणी म्हणाले, "सायेब, नाना फडणविसाचा वाडा इथंच जवळ हाय म्हणं." मेणवली वाईपासून तीन-चार किलोमीटरच. गाडी तिकडे वळवली.

रस्ता उसातून आणि हळदीच्या रानातून जातो. हळद काढणीला आली होती, पाला पिवळा पडून झोपला होता. गाव लहान. कृष्णेच्या काठावर घडीव दगडांचा घाट, त्यावर देवळे आणि मागे वाडा. घाटावर एका लहानशा दगडी घुमटीत मोठी घंटा टांगलेली आहे. ती मुळात देवळाची नव्हे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथून आणलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. आमच्यातल्या एका आजोबांनी त्या आकृतीलाही हात जोडले. आई आणि लेकरू दिसले, हात जोडले. त्यात चुकले काय?

वाडा नाना फडणविसांचा. नानांचा काळ १७४२ ते १८००, म्हणजे वाड्याचे वय सव्वादोनशे वर्षांच्या पुढचे धरा. बाहेरून पाहावे तर गढीसारखा तट. आत एकामागून एक सहा चौक. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा जाणाऱ्यांनी आधी विचारूनच आत जावे. भिंतींवर जुनी चित्रे आहेत आणि मंडळी त्यांच्यापुढे उभी राहिली. मला मात्र एक माणूस कमी दिसला.

तो माणूस म्हणजे आमच्या गावचे सुतारतात्या. वय पंचाहत्तरीच्या घरात. सातबाऱ्यावर दीड एकर आहे, म्हणून शेतकरी या नात्याने त्यांचे नाव यादीत आले होते. पाचगणीला त्यांनी स्ट्रॉबेरी एकदा चाखली आणि "आंबाट हाय" म्हणून बाजूला ठेवली. पण इथे ते एका चौकात खांबाला पाठ लावून उभे होते आणि मान वर करून तुळईकडे पाहत होते. चित्रे पाहायची सोडून हे काय पाहताहेत, म्हणून मी जवळ गेलो.

"सायेब, खिळा दिसतुया का कुठं?"

मी पाहिले. खांब तळखड्यावर उभा, खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या. खिळा काही दिसेना.

"मग हे धरलंय कशानं?"

मी बी. एस्सी. ॲग्री झालेला माणूस. पस्तीस वर्षांच्या आसपास शेतकऱ्यांना प्रश्न विचारत आलो. त्या दिवशी मला उत्तर देता येईना. तात्यांनी डाव्या हाताची मूठ केली, उजव्या हाताचे एक बोट तिच्यात घातले आणि म्हणाले, "कूस. एका लाकडाच्या टोकाला कूस, दुसऱ्याला तिच्या मापाचं भोक. ही तिच्यात गेली की लग्न लागलं."

एका कोपऱ्यात सांधा जरासा उघडा पडलेला दिसत होता. ते तात्यांनी मला बोटाने दाखवले. खांबाचे टोक चारी बाजूंनी तासून बारीक केलेले आणि वरच्या लाकडात शिरलेले. "आता नीट बघा. भार कुणावर हाय? कुशीवर न्हाई. कुशीच्या बाजूला हे जे सपाट ऱ्हायलंय त्याला खांदा म्हनायचं. भार खांद्यावर. कूस नुसती जागा धरती, लाकडाला हलू देत न्हाई. घरात बाईमानूस जसं. दिसत न्हाई, पर ती हाय म्हनून घर हलत न्हाई."

मला तिथे बोलता येईना. कारण मला आमचे घर आठवले.

आमचे घर कसे गेले

आमचे गाव दुष्काळी पट्ट्यातले. आजोबांनी बांधलेले धाब्याचे घर होते. आठ खण, सागाच्या तुळया, वर किलचणावर माती. तीन वर्षांपूर्वी आम्ही भावांनी ठरवले की घर पाडून स्लॅबचे बांधायचे. चूक काही नव्हती. दर पावसाळ्याला माती टाकायला आता माणसे मिळत नाहीत, गळती थांबत नाही, धाकट्या वहिनींना आत अंधार सोसत नाही. जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला, त्याने एकरकमी भाव सांगितला आणि मी, घरातला शिकलेला म्हणून, कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी तो यंत्राची करवत घेऊन आला. खांब आणि तुळई जिथे मिळत होते नेमक्या तिथेच करवत चालवली. त्याच्या माणसांना घाई होती. दोन दिवसांत घर खाली आले. प्रत्येक खांबाचा माथा तुटलेला, प्रत्येक तुळईची टोके गेलेली. बारा फुटांच्या तुळईची आठ फूट राहिली. तुकडे जळणाच्या भावाने गेले. आई समोरच्या लिंबाखाली बसून पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "तुझ्या आजानं एक बी खिळा मारला नव्हता रं." तेव्हा मला वाटले, म्हातारीला जुन्याची माया आहे, म्हणून बोलते. तिच्या बोलण्याचा अर्थ मला मेणवलीत कळला. खिळा नव्हता, म्हणजे ते घर सुटे करता येत होते! मेखा ठोकून काढल्या असत्या तर सगळे लाकूड अखंड उतरले असते.

हे मी तात्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "काय ऱ्हायलंय का त्यातलं?"

गोठा राहिला होता. चार खणांचा, त्याच लाकडाचा, वर पत्रा घातलेला. आणि धाकटा भाऊ त्याच व्यापाऱ्याला पुन्हा बोलावणार होता. गोठा स्लॅबच्या घराला फार लागून होता, वास येत होता, जागा हवी होती. मी वाड्याच्या दारातूनच फोन लावला. भावाला म्हणालो, "रविवारपर्यंत थांब. मी तात्यांना घेऊन येतो."

मेख काढताना

रविवारी आम्ही गेलो. तात्यांसोबत एक गोणपाट, त्यात अवजारे. करवत, वाकस, रंधा, दोन पटाश्या, एक किंकरे, गिरमिट, गुण्या, मोगरी, आणि रेघ मारायची खिळा बसवलेली लाकडी ठोकळी. मोगरी बाभळीची, मूठ हाताने घासून काचेसारखी झालेली.

आधी गेरू मागितला. प्रत्येक खांबावर आणि तुळईवर खुणा केल्या. ज्या दोन लाकडांचा सांधा, त्या दोघांवर एकच खूण. "हातानं केलेला जोड ज्येचा त्येलाच बसतो. नवरा-बायकूची अदलाबदल करू नका," म्हणाले. मग पत्रे उतरवून घेतले, तुळयांना टेकू दिले, म्हणजे खांबावरचा भार निघाला. नंतर मेखा शोधल्या. प्रत्येक सांध्यात आडवी लाकडी मेख होती, धुराने काळी झालेली, बोटाने चाचपल्याशिवाय कळत नव्हती. मेखेचे बारीक टोक ज्या बाजूला, तिकडून लाकडी दांडा लावून मोगरीने ठोकले. तीन-चार ठोक्यांत मेख मागे सरकली. पहारीने तुळई हळूच उचलली आणि चार पिढ्यांचा तो सांधा सुटला.

आत काय होते? कूस अगदी नव्या लाकडासारखी, पिवळसर, सागाचा वास येत होता. कारवतीचे दाते तिच्यावर दिसत होते. आजोबांच्या सुताराने ज्या दिवशी ती कापली त्या दिवसापासून तिने उजेड पाहिला नव्हता. आईला हाताला धरून आणले. तिने त्या कुशीवरून हात फिरवला, पदर डोळ्यांना लावला.

संध्याकाळपर्यंत गोठा जमिनीवर होता. एकही तुळई तुटली नाही. दहा खांबांपैकी नऊ चांगले निघाले. दहावा तळाशी वाळवीने खाल्लेला. तो का, हेही तात्यांनी दाखवले. बाकी नऊ खांब दगडाच्या तळखड्यावर होते. दहाव्याभोवती आम्हीच कधीतरी शेण-मातीचा भराव वीतभर चढू दिला होता. लाकडाचे टोक ओल्या मातीत गेले की ते ओल ओढते, आणि ओलीमागे वाळवी येते. लाकूड म्हातारे होऊन मरत नाही. शनिवारवाडा १८२८ साली आगीने गेला, आमचा खांब ओलीने, आमचे घर घाईने.

नवा खांब, नवी कूस

दहावा खांब नवा करायचा. धाकट्या भावाचा मुलगा वीस वर्षांचा. आयटीआयचा विजेचा अभ्यासक्रम करून घरी बसलेला. तात्या त्याला म्हणाले, "चल, तू कर. माजं डोळं आता रेघ धरत न्हाईत." कसे केले ते क्रमाने सांगतो, कारण चौकट असो, खाट असो की कुळव असो, रीत एकच आहे.

पहिली गोष्ट माप. खांब सहा इंची, म्हणून कूस दोन इंच जाड. लाकडाच्या जाडीचा तिसरा हिस्सा कुशीला, हा ढोबळ नियम. कूस जास्त जाड केली तर भोकाच्या भिंती पातळ होऊन फाटतात, कमी केली तर कूसच मोडते. लांबी चार इंच. आणि भोक? ते चार इंच आणि वर दोन सूत. आठ सुतांचा इंच, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. दोन सूत जास्त खोल अशासाठी की कुशीचे डोके भोकाच्या तळाला लागू नये. डोके टेकले तर खांदा टेकत नाही, आणि मग सगळा भार कुशीवर येतो.

दुसरी गोष्ट आखणी. लाकडाची एक सपाट बाजू धरायची, तिला खूण करायची आणि सगळी मापे त्याच बाजूने घ्यायची. एक माप या बाजूने आणि दुसरे त्या बाजूने घेतले की सांधा पिळतो. खांद्याच्या रेघा गुण्या लावून चारी अंगांनी फिरवायच्या. शेवटची रेघ पहिल्या रेघेला येऊन मिळाली नाही तर पुढे जायचे नाही. लाकूड चौरस नाही असे समजून परत रंधा धरायचा.

तिसरी गोष्ट भोक. ते आधी करायचे आणि कूस त्याच्या मापाने कापायची, कारण कूस तासून बारीक करता येते, भोक लहान करता येत नाही. एवढे मोठे भोक असेल तर आधी गिरमिटाने ओळीने छिद्रे पाडावीत आणि मग पटाशीने भिंती सरळ कराव्यात. चौकटीसारखे लहान भोक असेल तर किंकऱ्यानेच विंधायचे. मध्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचे, पण टोकाला अर्धे सूत लाकूड सोडायचे. का? भुसा उकरताना किंकरे त्या टोकावर रेटले जाते आणि कड चुरगळते. ते सोडलेले लाकूड अगदी शेवटी सरळ उभ्या घावाने काढायचे, म्हणजे कड स्वच्छ राहते. भोक आरपार असेल तर दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे विंधायचे. एकाच बाजूने गेलात तर पलीकडे ढलपी उडते.

चौथी गोष्ट कूस. आधी उभे काप, मग खांद्याचे आडवे काप. करवत रेघेवर नव्हे, रेघेच्या बाहेर, टाकाऊ अंगाला चालवायची. रेघ लाकडावर राहिली पाहिजे. इथे आमचा पुतण्या चुकला. करवत बरोबर रेघेवर धरली आणि कूस सूतभर ढिली झाली. भोकात घातली तर खुळखुळा वाजला. पोराचे तोंड उतरले. मला वाटले, आता नवा खांब आणावा लागणार. तात्या मात्र शांतपणे विडी विझवून उठले. "काप ती. खांब मी वीतभर लांबच घेतलाय. पयली कूस कुनाची बी ढिलीच असती. माज्या बापानं बी माज्यासाठी वीतभर लांबच घेतला व्हता."

दुसरी कूस दुपारी झाली. हाताने अर्धी गेली आणि मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी बाकीची. असेच पाहिजे. आपोआप पडते ती ढिली, आणि घण घालावा लागतो ती भोक फाडते.

पाचवी गोष्ट मेख, आणि हिच्यात सगळी गंमत आहे. मेखेचे छिद्र आधी तुळईला पाडले. मग कूस आत घालून त्या छिद्रातून तिच्यावर खूण केली आणि कूस बाहेर काढली. आता कुशीचे छिद्र त्या खुणेवर नाही पाडायचे. खुणेपासून अर्धे सूत खांद्याकडे सरकवून पाडायचे. दोन छिद्रे मुद्दामच एका ओळीत नाहीत. मग बाभळीची वाळलेली, टोकाला निमुळती मेख ठोकली की ती दोघांना एका ओळीत आणू पाहते आणि खांद्याला तुळईशी आवळून धरते. मेख करवतीने कापलेली नको, रेषेरेषेने फाडलेली हवी, म्हणजे मोडत नाही. जनावरांच्या मुताने गोठ्यातला लोखंडी खिळा लवकर गंजतो, मेखेला ते भय नाही.

चौकट करणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. उभ्या-आडव्या लाकडांची टोके भोकाच्या पुढे दोन-तीन इंच वाढीव ठेवा, नाहीतर विंधताना टोक फुटते. आणि आरपार कुशीत पाचर मारताना ती भोकाच्या लांबीच्या दोन टोकांना दाबेल अशी मारा. रुंदीच्या बाजूला मारलीत तर लाकूड रेषेवर उकलते.

जुने आणि नवे

नंतर मी वाचून काढले. जर्मनीत लायपझिगच्या परिसरात शेतकऱ्यांच्या जुन्या विहिरी सापडल्या आहेत. त्यांच्या आतले ओक लाकडाचे बांधकाम सात हजार वर्षांहून जुने आहे, आणि त्यात कूस-भोकाचे, पाचर मारलेले जोड आहेत. लोखंड तर सोडाच, त्या लोकांची कुऱ्हाडसुद्धा दगडाची होती. म्हणजे हा जोड राजवाड्यांच्या आधी शेतकऱ्याच्या विहिरीत होता! आपल्याकडेही तो वाड्यापुरता नव्हता. कुळवाच्या दिंडात इसाड आणि रुमणे बसते ते कुशीनेच. गाडीच्या चाकात प्रत्येक आऱ्याचे एक टोक तुंब्यात आणि दुसरे पाट्यात जाते तेही कुशीने, आणि वरून तापलेली धाव चढवली की ती थंड होताना सगळ्या कुशी एकदम आवळते.

जुने तेवढे सोने असे मी म्हणणार नाही. स्लॅबच्या घरात माझी आई आता कोरड्या खोलीत झोपते, याचा मला आनंदच आहे. लोखंडी कुळव आले ते बरेच झाले. पण घरात जुने लाकूड असेल आणि ते उतरवायचे असेल, तर सही करण्याआधी गावातल्या जुन्या सुताराला एकदा बोलवा. त्याची दोन दिवसांची मजुरी द्या. लाकूड अखंड उतरले तर विकतानाही त्याला भाव येतो, आणि विकायचे नसेल तर दुसरीकडे उभे राहते.

आणि ज्यांच्या घरात ही कला अजून आहे त्यांना एक माहिती. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात अठरा व्यवसाय धरले आहेत आणि सुतारकाम त्यांपैकी एक आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. अर्ज करण्यापूर्वी सध्याचे नियम ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या सेवा केंद्रात विचारून घ्यावेत.

तात्यांचा मुलगा पुण्याकडे सरकत्या खिडक्या बसवतो. तो वाईट करतो असे नाही, पोट भरतो. पण तात्यांची मोगरी गोणपाटातच राहिली होती. परवा भावाचा फोन आला. गोठा नव्या जागी उभा राहिला, घरापासून तीस पावलांवर. दोन म्हशी आत बांधल्या. पुतण्या दर रविवारी तात्यांकडे जातो. सध्या आजीसाठी खाट करतो आहे, पहिल्या पायाची कूस ढिली झाली म्हणे.

मी विचारले, "मग?"

"मग काही नाही," भाऊ म्हणाला. "पाय वीतभर लांबच घेतला होता."